पाण्यावरचे धान्य



विडी कामगारांच्या संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला, की तो किमान वेतनावर बोलणार असे श्रोते धरून चालतात. आज तसे नाही. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वा नावाच्या लोकांचे परंपरागत जीवन आपल्या मुलांना कसे सांगावे, हा आमचा आजचा विषय आहे. तो आमच्याकडे कुठून आला, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी कामगार बायांची मुले जमतात. आठ ते तेरा वर्षांची. त्यांना जगातल्या निरनिराळ्या माणसांविषयी काही सांगावे, एवढाच त्या वर्गाचा हेतू. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे मुलांना सांगण्यापूर्वी आम्हांला वाचावे लागते, आणि यात मुलांपेक्षा आमचाच फायदा अधिक होतो. या वर्गात 'रेड इंडियन' हा शब्द निघाला की मुले काय सांगतात? डोक्यावर पिसांचा टोप, खाली घोडा, हातात कुऱ्हाड, मागे तंबू. सिनेमाने आणि चित्रकथांनी एवढेच त्यांच्या पदरात टाकले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा पोरगा कोंबडीची पिसे खोचून ओरडत रंगमंचावर धावतो, आणि आपण पालक टाळ्या वाजवतो.

गंमत अशी, की ओजिब्वांची एक वस्तू आपल्या गावातही लोंबते आहे. भेटवस्तूंच्या दुकानात, मोटारीच्या आरशाला, कॉलेजातल्या मुलींच्या खिडकीला एक कडे टांगलेले दिसते. आत दोऱ्याचे जाळे, खाली पिसे. त्याला ड्रीमकॅचर म्हणतात. फ्रान्सेस डेन्समोर या विदुषीने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या 'चिपेवा कस्टम्स' या ग्रंथात या वस्तूचे वर्णन आहे. चिपेवा हे ओजिब्वांचेच दुसरे नाव. बाळाला बांधून ठेवण्याची त्यांची जी फळी असते, तिच्या कमानीला साडेतीन इंचांचे छोटे कडे टांगीत. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण. पूर्वी ती एका खाजऱ्या झुडपाच्या वाखाची असे. जाळ्यात माशी अडकते तसा बाळाकडे येणारा अपाय त्यात अडकावा, ही कल्पना. म्हणजे ही आजीने नातवंडासाठी केलेली वस्तू. आज आपण विकत घेतो ती कुठल्या तरी बाईने नगावर मजुरी घेऊन केलेली असणार. तिला नगामागे काय मिळते, असा प्रश्न आमच्या मनात येतोच. पण तो आज बाजूला ठेवू.

आता हे लोक राहतात कुठे? कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवर सुपीरियर नावाचे समुद्रासारखे सरोवर आहे. त्याच्या भोवतीचा, हजारो लहान तळ्यांचा आणि जंगलांचा प्रदेश हा त्यांचा मुलूख. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ऑन्टॅरिओ, मॅनिटोबा हे प्रांत मुलांना नकाशावर दाखवावेत. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. तो मोठा पिसांचा टोप आणि तो घोडा पश्चिमेकडील गवताळ मैदानांतल्या लोकांचा. जंगलातल्या ओजिब्वांचे वाहन म्हणजे बर्च झाडाच्या सालीची होडी. एका माणसाने खांद्यावर उचलून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात न्यावी इतकी हलकी. टोप आणि होडी यांची अशी अदलाबदल केली, तर कोळ्याच्या हाती नांगर देऊन त्याला कोकणी माणूस म्हणण्यासारखे होईल.

चुकीचे शिकवण्यात आपणच पुढे आहोत असे नाही. लाँगफेलो या अमेरिकन कवीचे 'हायवाथा' हे काव्य १८५५ साली आले आणि तिकडच्या मुलांच्या पिढ्यांनी ते पाठ केले. त्यातल्या कथांचा मोठा भाग ओजिब्वांचा. स्कूलक्राफ्ट नावाच्या अंमलदाराने त्या गोळा केल्या होत्या. त्याची पत्नी जेन ही ओजिब्वा आईची मुलगी, स्वतः कविता करणारी. हे भांडार त्याला पुष्कळसे तिच्या माहेरामुळे उघडले. ओजिब्वांच्या कथांचा नायक नानाबोझो. कवीने त्याच्या गोष्टी घेतल्या आणि नाव दिले हायवाथाचे, जो पूर्वेकडच्या इरोक्वॉय लोकांचा पुरुष! म्हणजे कथा एकाच्या, नाव दुसऱ्याचे आणि कीर्ती तिसऱ्याची.

मग मुलांना सांगावे काय? आमचे उत्तर कामगाराचे आहे. त्या लोकांचे काम सांगा. वेष सांगू नका. सण आणि नाच मागाहून सांगा. माणूस कोणत्या महिन्यात काय करतो, कशाने करतो, कोणाबरोबर करतो, हे मुलाला कळले की बाकीचे त्याला आपोआप कळू लागते.

वसंतापासून सुरुवात करावी. मार्च-एप्रिलात बर्फ वितळू लागते, रात्री थंडी आणि दिवसा ऊब असते, तेव्हां मेपल झाडांत रस चढतो. ओजिब्वांच्या महिन्यांतल्या एकाचे नावच रस आटवण्याचा चंद्र असे आहे. प्रत्येक कुटुंबाची मेपलची राई ठरलेली; दरसाल तेथेच मुक्काम. झाडाला खाच पाडून रस सालीच्या द्रोणांत धरायचा आणि मोठ्या कढयांत आटवायचा. सुमारे चाळीस शेर रस आटला की एक शेर काकवी. आमच्या वर्गात हे सांगताना फार बोलावे लागत नाही. ज्या मुलाने गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला चुलाण, फेस, मळी, उलथणे सारे ठाऊक असते; तो आपण होऊनच विचारतो, 'मुलांना वाटीभर काकवी मिळायची का?' मिळत असे. गरम काकवी बर्फावर ओतली की तिची चिवट चिक्की होई, ती मुलांची. उरलेली साखर सालीच्या डब्यांत वर्षभर ठेवीत आणि मिठाच्या जागी जेवणात घालीत.

उन्हाळ्याच्या आरंभी बर्चची साल सोडवण्याचे दिवस. या सालीची होडी, तिचाच घराचा कूड, तिचेच डबे, तिचेच सूप. साल काढण्यापूर्वी झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची. हे वाचले तेव्हां आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आमचे सारे आयुष्य तंबाखूच्या धुळीत गेले. हे झुडूप आपल्याकडे अमेरिकेतूनच आले. सुमारे चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांच्या जहाजांतून. तिकडे ते काही घेण्यापूर्वी द्यायची वस्तू होते. इकडे ते हजारी मजुरीचे झाले.

आणि मग भाद्रपदाच्या सुमारास भाताचा हंगाम. याचे नाव मनोमिन. तळ्यांच्या उथळ, संथ पाण्यात आपोआप उगवणारे हे गवत. आपल्या भाताचा हा सख्खा भाऊ नव्हे, लांबचा चुलत म्हणावा. दाणा लांब, काळपट. ओजिब्वांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघाले, आणि पाण्यावर अन्न उगवते तेथे थांबा, अशी त्यांना आज्ञा होती. ते येथे थांबले. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत, आणि काही घरी न पेरता उगवलेला देवभात शोधून आणतात. वर्षातून एक दिवस आपण जे व्रत म्हणून करतो, ते तेथे पोटाचे मुख्य साधन होते, असे सांगितले की मुलींच्या लगेच ध्यानात येते.

कापणी कशी करतात ते नीट सांगण्यासारखे आहे. विळा नाही. दोघेजण होडीत. एक उभा राहून लांब काठीने होडी भातातून रेटतो. दुसरा बसून हातांत देवदाराच्या दोन हलक्या काठ्या घेतो. एका काठीने ओंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीने हलकेच झोडायच्या. पिकलेला दाणा होडीत पडतो, कच्चा ओंबीवरच राहतो, आणि थोडा दाणा पाण्यात पडतो. तो पडलाच पाहिजे. तेच पुढल्या सालचे बी. कच्चा राहिलेला दाणा काही दिवसांनी पिकतो, तेव्हां होडी पुन्हा त्याच जागी जाते. तळे केव्हां उघडायचे हे जाणती माणसे ठरवीत. घाई करून कोणी आधी शिरला तर सगळ्यांचे पीक जाई. मिनेसोटा राज्याच्या कायद्यात या काठ्यांची लांबी तीस इंचांहून अधिक नसावी आणि वजन एक पौंडाच्या आत असावे असे घातले आहे. हत्याराच्या वजनावर मर्यादा घालून पुढच्या वर्षाचे बी राखणारा कायदा आम्ही दुसरा ऐकलेला नाही.

नंतर दाणा वाळवणे, कढईत हलवीत भाजणे, आणि मग तुडवणे. जमिनीत एक लहान खड्डा करून तो लाकडाने मढवीत, त्यात भाजलेले भात ओतीत, आणि स्वच्छ नवे मऊ जोडे घालून, आधाराला दोन बाजूंचे दांडे धरून, त्यावर नाचत. जड माणसाने तुडवले तर दाणा मोडतो. म्हणून हे काम बहुधा मुलांचे! शेवटी सालीच्या सुपाने पाखडायचे. आमच्या वर्गात आम्ही खरेच सूप आणि सडलेले भात ठेवतो. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईची मुलगी सूप हातात घेते आणि मनगटाच्या एका झटक्याने कोंडा बाहेर टाकते. आम्हांला ते अजून जमत नाही.

येथे एक आक्षेप आमच्याच एका सहकाऱ्याने घेतला, आणि तो टाळण्यासारखा नाही. तो म्हणाला, 'पोरांच्या हातून विड्या सुटाव्यात म्हणून तुम्ही जन्मभर भांडलात. १९८६ च्या कायद्याच्या यादीत विडीकाम आले, तेव्हां आपण पेढे वाटले. आणि आता ओजिब्वांची पोरे भात तुडवतात याचे कौतुक सांगता?'

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. भात तुडवणारे पोर दुपारी तोच भात खाते. त्याच्या शेजारी त्याची आजी आहे. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. त्या काळात ते पाणी, वारा, दाण्याचा रंग, कढईचा वास ओळखायला शिकते, आणि मोठेपणी तळे केव्हां उघडायचे हे ठरवणाऱ्यांत बसते. पोराने पहिला ससा किंवा पहिला पक्षी मारला, की तो कितीही लहान असो, त्याचे जेवण करून मोठी माणसे मानाने खात. विडी वळणारी मुलगी पहिल्या दिवशी जे शिकते त्याच्यापुढे तिला शिकायला काही उरत नाही. फक्त वेग वाढवायचा असतो. एकाच 'काम' या शब्दात या दोन गोष्टी बसतात, हा शब्दाचा दुबळेपणा आहे.

आणि तिसरेही एक काम आहे, ते ओजिब्वांच्या पोरांकडून पुढे करून घेण्यात आले. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने इंडियन मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिच्या धर्तीवर अनेक निघाल्या. मुलांना घरापासून शेकडो मैल न्यायचे, केस कापायचे, नाव बदलायचे, आईची भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस धुलाईघर, स्वयंपाकघर, शेत. सुटीत गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला. शाळेचा खर्च पोरांच्या श्रमातून भागे. कॅनडात अशा शाळांतून सुमारे १,५०,००० मुले गेली. शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या. १९६६ च्या ऑक्टोबरात चॅनी वेंजॅक हा बारा वर्षांचा ओजिब्वा मुलगा केनोरा येथील अशा शाळेतून निघाला आणि रेल्वेच्या रुळांकडेने घराकडे चालू लागला. घर सुमारे सहाशे किलोमीटरवर होते. थंडीपावसात रुळांशेजारी त्याचे प्रेत सापडले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली पार्लमेंटात माफी मागितली; अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२४ साली.

हे आठ वर्षांच्या मुलाला सांगावे का? आमचे मत असे, की सांगावे. पण साखर आणि भात सांगून झाल्यावर. आधीच सांगितले तर मुलांच्या मनात त्या लोकांची फक्त कीव उरते. त्या शाळांनी काय हिरावून घेतले हे कळायला, आधी काय होते ते कळले पाहिजे. हिवाळा हा गोष्टींचा काळ; नानाबोझोच्या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, असा नियम. शाळा भरे ती नेमकी त्याच महिन्यांत. गोष्टी सांगणारी आजी घरी होती आणि ऐकणारे पोर शाळेत.

आता कराराकडे वळू. संस्कृतीच्या धड्यात करारनामा कशाला, असे शिक्षक म्हणतील. उत्तर सोपे आहे. भात तळ्यात उगवते, आणि तळे कोणाचे हे करारात लिहिलेले आहे. १८३७ साली ओजिब्वांनी मोठा मुलूख अमेरिकन सरकारला दिला, तेव्हां त्या मुलखात शिकार, मासेमारी आणि तळ्यांतले भात गोळा करणे यांची हमी त्या करारात घालून घेतली. भाताचा उल्लेख नावानिशी आहे. मोबदल्यात दरसाल पैसे व माल मिळायचा. १८५० साली अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. ओजिब्वांना पश्चिमेकडे हुसकावयाचे होते. म्हणून वाटपाची जागा सुपीरियरमधल्या बेटावरून उचलून दूर सँडी लेकला नेली, आणि ऑक्टोबरअखेर या म्हणून कळविले. लोक आले. देणे डिसेंबर लागेपर्यंत मिळाले नाही, आणि मिळाले ते अपुरे. खायला नासके धान्य. त्यात रोगराई, आणि परतीला गोठलेल्या नद्या. तेथे आणि वाटेत मिळून सुमारे ४०० माणसे मेली. देणे अडकवून माणूस वाकवण्याची ही रीत ज्याला नवी वाटेल, त्याने एकदा आमच्या कचेरीत येऊन बसावे.

त्यानंतर १८५२ साली नव्वदी ओलांडलेला त्यांचा पुढारी, बफेलो, काही सोबती घेऊन होडीने, मग आगबोटीने आणि रेल्वेने वॉशिंग्टनला गेला. राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटला. हुसकावण्याचा हुकूम मागे घेण्यात आला, आणि १८५४ च्या ला पॉइंटच्या करारात ओजिब्वांना त्यांच्याच मुलखात कायमच्या राखीव जमिनी मिळाल्या.

कागद झाला, पण कागद उघडून दाखवणारा लागतो. १९७४ च्या मार्चमध्ये विस्कॉन्सिनातले ट्रिबल नावाचे दोन ओजिब्वा भाऊ एका तळ्यावर राखीव हद्दीच्या रेषेपलीकडे गेले आणि गोठलेल्या पाण्यात भोक पाडून भाल्याने मासा मारू लागले. त्यांना पकडले, आणि खटला उभा राहिला. १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की दिलेल्या मुलखातही तो हक्क जिवंत आहे. बर्फ फुटल्यावर रात्री दिवे लावून भाल्याने मासे मारण्याची त्यांची रीत जुनी. फ्रेंचांनी ते पलिते पाहून एका तळ्याचे नावच पलित्यांचे सरोवर ठेवले. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला लोक बत्त्या घेऊन निघतात, तसेच समजा. निकालानंतर काही वर्षे त्या तळ्यांच्या धक्क्यांवर गोऱ्या लोकांचे जमाव जमत. शिव्या आणि दगड येत. 'यांना हा जादा हक्क कोणी दिला?' असा सवाल असे. कोणी दिला नव्हता. देताना राखून ठेवला होता. एवढे साधे वाक्य राज्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांना ठाऊक नव्हते, कारण कोणत्याही शाळेने ते शिकवले नव्हते. म्हणून १९८९ साली विस्कॉन्सिनने कायदा केला, की राज्यातल्या इंडियन राष्ट्रांचा इतिहास, संस्कृती आणि त्यांचे सार्वभौम हक्क सरकारी शाळांतून शिकवावेत. आमच्या वाचनातला हा एकच कायदा, जो दगडफेकीवर उपाय म्हणून धडा नेमतो.

शहरांत गेलेल्या ओजिब्वांनी सरकारची वाट पाहिली नाही. १९६८ साली मिनियापोलिसमध्ये त्यांनी व इतर इंडियनांनी पोलिसांच्या जाचाविरुद्ध चळवळ उभारली, आणि १९७२ साली तिथे आणि शेजारच्या सेंट पॉल शहरात स्वतःच्या शाळा काढल्या. चळवळीतून शाळा निघावी, हे आम्हांला विशेष वाटते. आपल्याकडे बहुधा कचेरी निघते. ओजिब्वा मुलीच्या वर्षभराच्या जगण्यावर लुईज अर्ड्रिक या लेखिकेची 'द बर्चबार्क हाउस' ही कादंबरी १९९९ ची. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारी मुले आहेत त्यांनी ती आणावी. आणि २००१ पासून विस्कॉन्सिनात एक शाळा आहे, तिच्या ओजिब्वा नावाचा अर्थ 'जेथे लोक एकमेकांना मदत करतात ती जागा'. गणितही ओजिब्वातून, आणि मार्च उजाडला की वर्ग मेपलच्या राईत.

त्या भाषेविषयी दोन शब्द सांगून थांबतो. सजीव आणि निर्जीव असे तिच्यात शब्दांचे दोन वर्ग आहेत, आणि दगड सजीवांत बसतो. दगड पाहिला म्हणायचे तर क्रियापद माणसाला पाहिल्याचे. 'टोटेम' हा जगभर गेलेला शब्द त्यांच्या कुळाच्या नावावरून आला. इंग्रज अंमलदारांनी मुंबई इलाख्याच्या जातींवर ग्रंथ लिहिले, तेव्हां मराठ्यांच्या देवकाला तोच लावला. परंतु मुलांना सर्वांत आवडते ते वेगळेच. इंग्रजीत 'वुई' एकच. ओजिब्वात दोन आहेत: ऐकणाऱ्याला धरून एक, त्याला वगळून दुसरा. मराठी मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या तोंडात 'आपण' आणि 'आम्ही' जन्मापासून आहेत. मालकाकडे गेलो की 'आमची मागणी', बायांच्या सभेत 'आपली मागणी', हे त्याने कचेरीत ऐकलेले असते. १८५४ साली ला पॉइंटला सरकारी अधिकाऱ्यांपुढे उभे राहून ओजिब्वा पुढारी तळ्यांविषयी बोलले, तेव्हां त्यांनी यांतला कोणता शब्द वापरला असेल, असे आम्ही वर्गात विचारतो. मुले दोन तट पाडून भांडतात. दुभाष्याने मात्र त्याचे एकच 'वुई' केले असणार.